स्टॉकहोमच्या ग्रँड हॉटेलमध्ये राहायचं तर

१८७४ साली सुरू झालेलं हे हॉटेल पाण्याच्या काठावर, राजवाड्याच्या अगदी समोर आहे. म्हणून बुकिंग करताना सगळ्यात आधी खिडकी कुठे उघडते ते पाहा. स्वस्त खोल्यांमधून बहुधा आतलं अंगण दिसतं. राजवाडा दिसायला हवा असेल तर तसं आरक्षणात लेखी नमूद करून घ्या, नुसती विनंती पुरत नाही.

१० डिसेंबरच्या आसपासचे दिवस टाळा. नोबेल विजेते याच हॉटेलात उतरतात. शिवाय डिसेंबरात दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे खिडकीसाठी मोजलेले जादा पैसे वाया जातात. जूनमध्ये उलट, पडदे घट्ट ओढल्याशिवाय झोप लागणार नाही.

आर्लांडा विमानतळावरून एक्स्प्रेस ट्रेन साधारण २० मिनिटांत सेंट्रल स्टेशनला सोडते. पुढे हॉटेल जेमतेम दीड किलोमीटर. कार्ड जवळ ठेवाच, कारण अनेक ठिकाणी रोख क्रोना घेतच नाहीत.

हॉटेलच्या व्हरांडा रेस्टॉरंटमधलं स्मोर्गसबोर्ड, म्हणजे स्वीडिश पद्धतीचा बुफे, चुकवू नका, पण ताट एकदाच भरू नका. आधी मुरवलेला हेरिंग मासा आणि उकडलेला बटाटा, मग सॅमनसारखे इतर थंड मासे, मग थंड मांस, त्यानंतर मीटबॉलसारखे गरम पदार्थ, शेवटी गोड. प्रत्येक फेरीला नवी ताटली घ्या. हेरिंगचं आंबटगोड पाणी गरम पदार्थांत मिसळलं की दोन्हींची चव जाते.

द्वीपसमूहाकडे जाणाऱ्या बोटी हॉटेलसमोरच्याच धक्क्यावरून सुटतात.