साताऱ्यातले वीरगळ: कुठे शोधायचे, कसे वाचायचे, नोंद कशी ठेवायची

सातारा जिल्ह्यात जुनं देऊळ असलेल्या गावात वीरगळ मिळण्याची शक्यता चांगली असते. वीरगळ म्हणजे लढाईत किंवा गावाची गुरं राखताना पडलेल्या माणसाचं कोरीव दगडी स्मारक. राजांची नावं ताम्रपटांत आणि बखरींत राहिली. गावासाठी जीव दिलेल्या माणसाची खूण मात्र बहुतेक वेळा या एका दगडावरच उरलेली असते, आणि तोही नोंद न होता रंगाखाली किंवा फरशीखाली जातो. म्हणून आधी नोंद करा.

सुरुवात किकलीपासून करावी. पुणे-सातारा महामार्गावरच्या भुईंजजवळ, चंदन-वंदन गडांच्या पायथ्याशी वाई तालुक्यातलं हे गाव आहे. इथल्या भैरवनाथाच्या देवळापाशी बरेच वीरगळ एकत्र पाहायला मिळतात, त्यामुळे डोळा लवकर तयार होतो.

वीरगळ खालून वर वाचायचा. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला दिसतो. तिथेच गाई कोरलेल्या असतील तर गुरं पळवणाऱ्यांशी झालेल्या झुंजीत तो पडला असं समजतात. त्यावर लढाई: ढाल-तलवार, कधी घोडा. इतरांपेक्षा मोठी कोरलेली आकृती बहुधा आपल्या वीराची. तिसऱ्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगासमोर बसलेला असतो, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. चौकटी तीन-चार असतात, कमीजास्तही होतात. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीची खूण. ती वेगळ्या सतीशिळेवर असते, तशी वीरगळावरही असते.

नेहमी होणारी चूक इथेच होते. पुष्कळ वीरगळांचा तळ मातीत किंवा नव्या काँक्रीटमध्ये गेलेला असतो. वर दिसणारी पहिली चौकट लढाईची असली की लोक ‘गाई नाहीत, म्हणजे युद्धातला वीर’ असं लिहून मोकळे होतात. गाई जमिनीखाली असू शकतात. म्हणून ‘दिसणाऱ्या चौकटी तीन, तळ गाडलेला’ असं स्वच्छ लिहा. उकरून मात्र पाहू नका. पाया सुटला की दगड कलतो आणि जुन्या भेगेवर मोडतो.

गावात गेल्यावर ‘वीरगळ कुठे आहेत?’ असं विचारलं तर अनेकदा नकारच मिळतो. ‘देवळामागं चित्रं कोरल्यालं दगड हायेत का?’ असं विचारा. गुरव, गुराखी आणि विहिरीवर जाणाऱ्या आज्या यांना नेमकं ठाऊक असतं. देवळाची मागची बाजू, पार, ओढ्याचा काठ, जुन्या विहिरीच्या पायऱ्या आणि धुण्याचे दगड पाहून घ्या. शेंदूर लावून वीरगळाची देव म्हणून पूजा होते, तिथे चप्पल काढून, विचारून मगच जवळ जावं.

दिवाळीनंतर गवत वाळतं, तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. फोटोसाठी ऊन तिरपं हवं, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास किंवा संध्याकाळी पाचच्या आसपास. भर दुपारी किंवा समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत झिजलेलं कोरीवकाम सपाट दिसतं. दगडाचं तोंड उत्तरेला असेल तर हिवाळ्यात त्यावर थेट ऊन येतच नाही. अशा वेळी एकानं काळं कापड धरून सावली करायची आणि दुसऱ्यानं टॉर्च बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटून धरायचा. उजेड डावीकडून, उजवीकडून आणि वरून असे तीन वेगळे फोटो घ्या. डावीकडच्या उजेडात हरवलेली तलवार उजवीकडच्या उजेडात उठून दिसते. कॅमेरा दगडाला समांतर ठेवा, शेजारी मोजपट्टी उभी करा, पण ती कोरीवकामाला टेकवू नका. आधी पूर्ण दगड, मग एकेक चौकट, कडा, पाठ आणि शेवटी देवळासकट परिसर.

खडूनं रेषा भरणं, तेल किंवा पाणी ओतणं, तारेचा ब्रश, साबण, ॲसिड हे सगळं वर्ज्य. खडू भरताना आपण पाहत नसतो, आपल्याला जे वाटतं ते काढत असतो. पुढचा माणूस मग तेच वाचतो. सुकं पान किंवा धूळ मऊ ब्रशनं झटकली की पुरे. शेवाळ तसंच राहू द्या.

बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं, त्यामुळे सन ठोकून देऊ नये. लेख सापडलाच आणि शके वाचता आलं तर इसवी सनासाठी त्यात 78 मिळवा. तिथी पौष ते फाल्गुनातली असेल तर बहुधा 79 धरावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. सराव करायला साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर चांगली. विरूबाई भोसले यांनी ती शके 1641 ते 1646 या काळात बांधवली, म्हणजे इसवी सन 1719 ते 1724. लेख देवनागरीत आहे, सावकाश वाचला तर लागतो.

वहीत प्रत्येक दगडाला क्रमांक द्या. उंची, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये, तोंड कोणत्या दिशेला, चौकटी किती, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश आणि तारीख लिहा. दगड आधी कुठे होता हेही विचारा, कारण जीर्णोद्धारात ते हलतात. गावची आख्यायिका जशी सांगितली तशी लिहा, पण वेगळ्या रकान्यात. ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं’ हे गावाच्या श्रद्धेबद्दल सांगतं, देवळाच्या काळाबद्दल नाही. घरी आल्यावर 1885 चं सातारा गॅझेटियर (इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ) उघडून त्या गावाची नोंद ताडून पाहा. इंग्रजीत गावांची नावं जुन्या पद्धतीनं लिहिली आहेत, तेव्हा दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा.

जीर्णोद्धार ठरलेल्या गावात सगळ्यात आधी जा. फरशी बसण्याआधी सरपंच आणि देवस्थानच्या लोकांना फोटो दाखवून दगड कशाचा आहे ते सांगितलं, तर तो सहसा भरावात जात नाही. त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: ऑइल पेंट नको आणि भिंतीत चिणणं नको. पाठीमागे माणूस जाईल एवढी जागा ठेवायला सांगा, कारण काही वीरगळ चारही बाजूंनी कोरलेले असतात. खोदताना नवा दगड किंवा मूर्ती निघाली तर ती आहे तिथेच ठेवून तहसीलदारांना कळवावं. नोंदीची एक छापील प्रत ग्रामपंचायतीत द्या, म्हणजे उद्या दगड हलला तर तो आधी कुठे होता हे गावालाच दाखवता येईल.