म्हाताऱ्या बॉल पायथनचे डोळे धुरकट: माझा अनुभव

इथे टेक्सासमध्ये आमच्या म्हाताऱ्या बॉल पायथनचे (पाळीव अजगराचे) डोळे कात टाकल्यावरही धुरकटच राहिले. भक्ष्यावरचा नेम चुकू लागला. आंधळा झाला या विचाराने जीव कासावीस व्हायचा. कोमट पाण्यात बसवलं, फवारा मारला, फरक नाही. डॉक्टरांनी तपासलं तर डोळ्यावरचा पारदर्शक खवला कातीबरोबर सुटलाच नव्हता (सापाला पापण्या नसतात, हा खवलाच डोळा झाकतो).

आधी पेटीतली आर्द्रता ७० टक्क्यांवर नेली. मग लपायच्या डब्यात ओलसर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरून तो उबदार बाजूला ठेवला, पुढची कात पडेपर्यंत ओला राखला. चिमटा अजिबात लावला नाही; ओढताना खालचा खवला फाटून डोळा कायमचा जाऊ शकतो. नवी कात उजेडात धरली: दोन्ही डोळ्यांवरच्या टोप्या, म्हणजे ते अडकलेले खवले, तिच्यात होत्या, डोळे स्वच्छ. बाहुलीच्या आत खोलवर पांढरं दिसत असेल तर मात्र मोतीबिंदूची शंका घ्या, तिथे हा उपाय चालत नाही.