गच्चीवर नेताच करपणारी टोमॅटोची रोपे
कोथरूडच्या घरात खिडकीशी वाढवलेली टोमॅटोची रोपे मी फेब्रुवारीत थेट गच्चीवर मांडली आणि दोनच दिवसांत त्यांची पाने पांढरी पडून करपली. पुण्यात तेव्हा रात्री गार असल्या, तरी दुपारचे ऊन कोवळ्या पानांना सोसत नाही. मला फार हळहळ वाटली.

दुसऱ्या खेपेस कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताच्या मिश्रणात बी पेरले, आणि ४-५ खरी पाने (बीतून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) फुटल्यावर रोपांना पहिल्या दिवशी तासभरच सकाळचे ऊन देऊन, पुढे रोज थोडा वेळ वाढवत, पाणी किंचित कमी करत, ८-१० दिवसांनी ती संध्याकाळी कुंड्यांत लावली. लुकडी रोपे खालची पाने खुडून खोल पुरली, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीखाली नवी मुळे फुटतात. या वेळी सगळी रोपे तगली.