मायसाठी खोली बांधायच्या आधी

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला येऊन मला २४ वर्षं झाली. नव्यानं आलेलं कोणी वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडचं निघालं की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत प्रश्न येतोच: "ताई, तुमच्या मागच्या अंगणातलं ते छोटं घर... आईबाबांसाठी आम्हालाही बांधता येईल का?" सध्या मी आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी, मायच्या नव्या खोलीच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बसून हे लिहितेय. यावरून काय ते ओळखा. तरी सगळं सांगते, कारण तुमची माय माझ्या मायसारखीच असेल असं नाही.

कॅलिफोर्नियात त्या छोट्या घराला एडीयू (अ‍ॅक्सेसरी ड्वेलिंग युनिट, म्हणजे जोडघर) म्हणतात, जुनी माणसं ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. एकाच प्लॉटवर मुख्य घराशिवाय दुसरं लहान घर, त्याला स्वतःचं दार, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची न्हाणी. परवानगीची भीती बाळगू नका. २०२० पासून राज्यानंच शहरांचे हात बांधले आहेत. मागची आणि बाजूची हद्द ४ फूट सोडून ८०० चौरस फुटांपर्यंतचं घर शहराला सहसा अडवता येत नाही. अर्ज पूर्ण असेल तर ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, त्यात शेजाऱ्यांना बोलावून सुनावणी होत नाही. ७५० चौरस फुटांच्या आत राहिलं तर इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामाचा शहराच्या सोयींवर भार पडतो म्हणून घेतात ती फी, माफ होते, म्हणून ७४९ चौरस फुटांचे नकाशे तिथे ढिगानं सापडतात. राहत्या घराचाच भाग वेगळा काढला तर तो ज्युनियर एडीयू, ५०० चौरस फुटांपर्यंत, आणि त्याची न्हाणी मुख्य घरासोबत सामायिक चालते. हे सगळं कॅलिफोर्नियाचं. टेक्सास, न्यू जर्सीवाल्यांनी हे आकडे विसरावेत.

पैशाचं मात्र सोपं नाही. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आमच्या भागात, नवं, सुटं बांधकाम दोन लाख डॉलरच्या आत आटोपलं तर नशीब समजा. आम्ही शहाणपणा करून गॅरेजच बदलून घेतलं. भिंती होत्या, छप्पर होतं, स्वस्तात होईल असं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात ठेकेदार म्हणाला, गॅरेजच्या फरशीपासून रस्त्याच्या गटारापर्यंत उतारच पुरत नाही. मग अंगण फोडा, पंप बसवा. तेव्हा पहिल्याच दिवशी, टाइल्सच्या रंगाआधी, मैलापाणी कुठून जाणार ते विचारा. दार तीन फुटी ठेवा, म्हणजे उद्या व्हीलचेअर आली तरी जाईल. न्हाणीला उंबरा नको. आणि भिंतीवर प्लास्टरबोर्ड चढण्याआधी आतून लाकडाचे आडवे तुकडे ठोकून घ्या. धरायचा दांडा आज नको असला तरी दोन वर्षांनी लागतोच, आणि नुसत्या बोर्डात तो माणसाच्या वजनानं उपटून येतो.

पण खोलीच्या आधी कागद. नवीन आलेले इथेच चुकतात. व्हिजिटर व्हिसावर आईबाबांना एका वेळी साधारण सहा महिने मिळतात. व्हिसावरची तारीख पाहून गाफील राहू नका, आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीवरची पाहा. त्यांचं ग्रीन कार्ड करायचं तर आधी तुम्ही नागरिक व्हायला हवं, तुमच्या नुसत्या ग्रीन कार्डावर आईवडिलांना बोलावता येत नाही. ते मिळालं तरी पासष्टीनंतरचं मेडिकेअर, म्हणजे तिथला सरकारी आरोग्यविमा, विकत घ्यायला सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. प्रवासी विम्यात जुनी दुखणी बहुधा धरत नाहीत, आणि आपल्याकडे साठीनंतर बीपी-शुगर नाही असं माणूस दाखवा! शिवाय ग्रीन कार्ड घेऊन वर्षभर गावाकडे राहिलं तर ते हातचं जाऊ शकतं. म्हणजे ज्यांच्यासाठी घर बांधायचं ते त्यात किती महिने राहणार, हा हिशेब ठेकेदाराच्या आधी करा.

माझी माय दोनदा आली. दुसऱ्या खेपेला खोली तयार होती. पहिल्याच दिवशी तिनं ठेच्याच्या मिरच्या तव्यावर टाकल्या आणि धुराचा अलार्म असा केकाटला की ती चप्पल न घालता बाहेर पळाली. त्याचं आम्ही हसू केलं. चौथ्या महिन्यात ती म्हणाली, "खोली लय चांगली हाय वं. पन दारावरून कोनी जातच नाही. मी कोनाले इचारू, जेवली का म्हनून?" मी दार मागच्या लॉनकडे काढलं होतं, शांत राहावं म्हणून. गावात तिचा अख्खा दिवस दारावरून जाणाऱ्यांवर चालतो. महालक्ष्म्यांच्या आधी ती परत गेली ती गेलीच.

मग गावच्या घराच्या अंगणात, जिथे पूर्वी गोठा होता, तिथे दोन खोल्या काढल्या. सेवाग्रामला जाल तेव्हा बा कुटी पाहून या. आश्रमात कस्तुरबांना वेगळी जागा लागते हे ओळखून त्यांच्यासाठी बांधलेली ती छोटी कुटी आहे. इतकी चौकशी मी मायजवळ आधीच करायला हवी होती.

गावचं बांधकाम सोपं वाटतं, पण त्याची वेगळीच गोम आहे. आपली जमीन कपाशीची काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि उथळ पायव्याच्या भिंतीही तशाच फाटतात. खाली मुरूम लागेपर्यंत खोदायला लावा, प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवर सळयांचा काँक्रीटचा पट्टा, घाला. गवंडी म्हणेल, "एवढ्या छोट्या खोलीले काय लागते?" ऐकू नका. वर टिनाचं छप्पर नको. मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि टिनाखाली म्हातारं माणूस भाजून निघतं. पश्चिमेच्या भिंतीला सावली हवी, आम्ही सपरी तिकडेच काढली. कूलर तर लागतोच, पण त्यात बादलीनं पाणी ओतायला मायचा खांदा उठत नाही. त्याला नळाचा पाइप आणि टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट वॉल्व्ह जोडा, आणि अर्थिंग नीट करून घ्या. पाणी आणि करंट एका पत्र्याच्या डब्यात असतात, विसरू नका. संडास खोलीला लागूनच हवा. जुन्या घराचा अंगणाच्या पार टोकाला होता, रात्री कंदील घेऊन जायचं दिव्य. चूल मात्र बाहेर ठेवली. गॅसवरचे पानगे तिला पानगे वाटत नाहीत.

आता जागा कोणाची? ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, तो घरपट्टीचा उतारा. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनमोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं, तुमच्या गावात झालं असेल तर ते काढून ठेवा. शेत विकत घेऊन त्यात घर बांधायचा बेत असेल तर एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं आलेली ठेवता येते. आमची जागा माय आणि भावाच्या नावावर, पैसे माझे. मी भावाला, वहिनीला समोर बसवून सांगितलं की हे मायला दिलेले पैसे आहेत, माझा हिस्सा मागायला मी येणार नाही, पण ती आहे तोवर या दाराला दुसऱ्याचं कुलूप लागायचं नाही. तसं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. भाऊ दोन दिवस नीट बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच अर्थिंगच्या खड्ड्यासाठी मीठ-कोळसा आणला.

इथलं दार रस्त्याकडे आहे. हे लिहिताना तीन जणींनी थांबून विचारलं, कधी आली, कधी जाते.

फ्रीमॉन्टच्या खोलीत आता दारव्ह्याकडचा एक मुलगा भाड्यानं राहतो. मार्चमध्ये त्याची आई येतेय. लॉनकडचं दार बदलणं आता जमायचं नाही, पण रस्त्याच्या अंगाला एक खिडकी आहे. तिचा पलंग तिथे लावून ठेव, एवढं मी त्याला निघताना सांगून आलेय.