कॅपच्या हिशेबाला बसण्याआधी

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान डोळ्यांसमोर येतं. ही यादी बर्फावरच्या हॉकीची आहे, अमेरिका-कॅनडातल्या एनएचएलची, आणि त्यातही फक्त पगार आणि करारांची. कॅप म्हणजे टीमच्या एकूण पगारावर लीगने घातलेली मर्यादा. खरी टीम कोणी आपल्या हातात देत नाही. पण लीगचे खरे नियम लावून मित्रमित्रांत कागदावरची टीम चालवणारी मराठी मंडळी टोरंटोकडे आहेत, आणि दर उन्हाळ्यात त्यांची तीच धांदल उडते. त्यांनी, आणि आपला आवडता खेळाडू का सोडला म्हणून जुलैत चिडणाऱ्यांनीही, 2026 च्या उन्हाळ्यासाठी पुढची तयारी जून लागायच्या आत करून ठेवावी.

पहिला कागद कॅलेंडरचा. पगाराचा तक्ता नंतर. या धंद्यात गाजलेले बरेचसे घोटाळे पैसे कमी पडल्यामुळे झालेले नाहीत, तारीख चुकल्यामुळे झालेले आहेत. 2009 च्या उन्हाळ्यात शिकागो ब्लॅकहॉक्सने आपल्याच तरुण खेळाडूंना द्यायच्या क्वालिफायिंग ऑफर वेळेत पोचवल्या नाहीत. ही ऑफर वेळेत गेली तर खेळाडूवरचा हक्क टीमकडे राहतो, नाहीतर तो मोकळा. मग घाईघाईने क्रिस व्हर्स्टीग, कॅम बार्कर वगैरेंशी करार करावे लागले, आणि घाईचा करार स्वस्तात होत नाही. काही दिवसांतच जीएम (टीमचे जनरल मॅनेजर) डेल टॅलन यांच्या जागी स्टॅन बोमन आले. पुढच्याच वर्षी शिकागोने स्टॅन्ली कप जिंकला आणि लगेच कॅपच्या ओझ्याखाली बफलिन, लॅड आणि तोच व्हर्स्टीग यांना विकून टाकलं. एका लिफाफ्याने सगळं केलं असं मी म्हणणार नाही, पण कॅलेंडरवर ही तारीख लाल पेनाने लिहा: 25 जून किंवा ड्राफ्टनंतरचा (ड्राफ्ट म्हणजे नवे तरुण खेळाडू फेरीफेरीने निवडायचा कार्यक्रम) पहिला सोमवार, यातली जी नंतर येईल ती.

तिच्या शेजारी बायआउटची, म्हणजे ठरलेले पैसे देऊन करार मध्येच तोडायची, खिडकी लिहा. ती 15 जूनला किंवा फायनल संपल्यावर 48 तासांनी, जे नंतर येईल तेव्हा उघडते आणि 30 जूनला बंद होते. 1 जुलैला फ्री एजंटचा, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंचा, बाजार उघडतो. 1 डिसेंबरपर्यंत रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटने (करार संपला पण हक्क टीमकडेच राहिला असा तरुण खेळाडू) सही केली नाही तर तो त्या हंगामात खेळूच शकत नाही. टोरंटोच्या विल्यम नीलँडरने 2018 मध्ये अगदी याच दिवशी, मुदत संपता संपता सही केली. हंगामाचे उरलेले दिवस कमी, त्यामुळे पहिल्या वर्षी त्याचा कॅप हिट, म्हणजे कॅपमध्ये धरला जाणारा आकडा, 1 कोटी डॉलरच्या वर गेला आणि पुढच्या वर्षांत 70 लाखांच्या आत आला. तारीख बदलली की त्याच खेळाडूचा आकडा असा बदलतो. आणखी एक, लीगची सगळी घड्याळं पूर्वेकडची. व्हँकुव्हर किंवा लॉस एंजेलिसची टीम घेतली असेल तर संध्याकाळी पाचची मुदत म्हणजे तुमचे दुपारचे दोन.

यंदा या कॅलेंडरवर एक जादा तारीख आहे, 15 सप्टेंबर. त्या दिवशी लीग आणि खेळाडू संघटनेचा चालू करारनामा संपतो. आजवर स्वतःच्या खेळाडूला आठ वर्षांचा आणि बाहेरच्याला सात वर्षांचा करार देता येत होता, नव्या करारनाम्यात ते सात आणि सहा होतात. ज्याला खरोखर आठ वर्षं बांधायचं आहे त्याच्या एजंटशी बोलणी उन्हाळ्यातच संपवावी लागतील. आठवं वर्ष बहुतेक वेळा टीमच्या डोक्यावरच बसतं असं माझं मत आहे, पण एजंट ते मागणार हे गृहीत धरा.

आता आकडे. 2004-05 चा अख्खा हंगाम टाळेबंदीत बुडाला, त्यानंतर 2005-06 मध्ये 3 कोटी 90 लाख डॉलरची कॅप आली. कोविडमध्ये ती तीन हंगाम 8 कोटी 15 लाखांवर अडकली होती. 2025-26 ला ती 9 कोटी 55 लाख झाली आणि 2026-27 साठी 10 कोटी 40 लाख जाहीर झाली. खालचीही मर्यादा असते, 2025-26 ला ती 7 कोटी 6 लाख होती; पगार वाचवून गल्ला भरणाऱ्या मालकांसाठी ती आहे. एका खेळाडूला कॅपच्या वीस टक्क्यांहून जास्त देता येत नाही. उन्हाळ्यात कॅपच्या दहा टक्के वर जायची मुभा असते, हंगामाच्या पहिल्या दिवसाआधी खाली यावंच लागतं.

कॅप इतक्या वेगाने चढत असताना नुसते डॉलर लिहून ठेवले तर फसाल. तक्त्यात कॅपच्या टक्केवारीचा रकाना हवाच. कॉनर मॅकडेव्हिडचा 2018-19 ला सुरू झालेला करार वर्षाला 1 कोटी 25 लाखांचा होता. तेव्हाची कॅप 7 कोटी 95 लाख, म्हणजे जवळपास पावणेसोळा टक्के. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याने एडमंटनशी दोन वर्षं वाढवली ती त्याच 1 कोटी 25 लाखांवर, पण 2026-27 च्या कॅपमध्ये ते बाराच टक्के भरतात. जगातला सर्वोत्तम खेळाडू मान्य केला, पण एडमंटनला मिळालेली ही सूट आहे, तिला बाजारभाव समजून कुठल्या एजंटसमोर ठेवू नका. एजंट तुमच्यासमोर किरिल कप्रीझोव्ह ठेवेल. सप्टेंबर 2025 मध्ये मिनेसोटाने त्याला आठ वर्षांचे 13 कोटी 60 लाख दिले, वर्षाला 1 कोटी 70 लाख, सोळा टक्क्यांच्या वर.

करारांच्या तक्त्यात प्रत्येक खेळाडूपुढे कॅप हिट आणि खरा पगार हे वेगवेगळे रकाने ठेवा. कॅप हिट म्हणजे सगळ्या वर्षांची सरासरी, खिशातून जाणारा पगार मात्र दरवर्षी वेगळा असू शकतो. सायनिंग बोनस किती हेही लिहा, कारण तो बायआउटमध्ये कापला जात नाही. मग अटी. नो-ट्रेड अट फक्त ट्रेडपुरती, म्हणजे दुसऱ्या टीमला देण्यापुरती असते. नो-मूव्हमेंट अट असली तर त्याच्या मर्जीशिवाय खाली मायनर लीगलाही पाठवता येत नाही. अर्धवट नो-ट्रेड असेल तर खेळाडूने कुठल्या टीम नको म्हणून लिहून दिल्या आहेत ती यादी हातात असू दे. खेळाडू ट्रेडमधून आला असेल तर आधीच्या टीमकडून ती मागून घ्या. मार्च 2022 मध्ये ट्रेडच्या डेडलाइनला, म्हणजे शेवटच्या दिवशी, व्हेगसने एव्हगेनी दादोनोव्ह अ‍ॅनाहाइमला दिला. त्याच्या नको-यादीत अ‍ॅनाहाइम होतं. ती यादी कुठेतरी कागदपत्रांतच अडकलेली. दोन दिवसांनी लीगने ट्रेड रद्द केला, आणि डेडलाइन तर उलटून गेलेली.

रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटची वेगळी पाटी करा आणि तिच्यावर बाहेरून कोण डोळा ठेवून आहे ते लिहा. दुसरी टीम त्याला ऑफर शीट देऊ शकते. तुम्हाला सात दिवसांत तेवढेच पैसे द्यायचे किंवा खेळाडू सोडून ड्राफ्टच्या निवडी घ्यायच्या. किती निवडी, हे ऑफरच्या रकमेवर ठरतं आणि त्याच्या पायऱ्या दरवर्षी जाहीर होतात. ऑगस्ट 2024 मध्ये सेंट लुईसने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्गला वर्षाला 45 लाख 80 हजार 917 डॉलर आणि डिलन हॉलोवेला 22 लाख 90 हजार 457 डॉलर देऊ केले. हे विचित्र आकडे म्हणजे त्या-त्या पायरीचं शेवटचं टोक: आणखी एक डॉलर वाढवला असता तर भरपाई वाढली असती. एडमंटनच्या कॅपमध्ये जागा नव्हती, उन्हाळाभर बाहेरच्यांवर खर्च करून झाला होता. दोन्ही तरुण गेले, बदल्यात आली दुसऱ्या फेरीची एक आणि तिसऱ्या फेरीची एक निवड. आपल्या तरुणांपुढे त्या पायऱ्यांचे आकडे लिहून ठेवले आणि तेवढी जागा ऑगस्टपर्यंत राखली, तर कोणी अशी शीट पाठवण्याच्या भानगडीत पडत नाही. ऑफर शीट सूड म्हणूनही येते. 2019 मध्ये माँट्रियलने कॅरोलायनाच्या सेबॅस्टियन आहोला शीट दिली होती. 2021 मध्ये कॅरोलायनाने माँट्रियलच्या कोटकानिएमीला दिली, त्यात 20 डॉलरचा सायनिंग बोनस घालून. आहोच्या जर्सीचा नंबर 20.

बायआउटचा हिशेब आधी कागदावर करून पाहिल्याशिवाय त्या शब्दाचा उच्चार करू नका. नियम सोपा दिसतो: उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात. खेळाडू 26 वर्षांच्या आतला असेल तर एक तृतीयांश. तीन वर्षं बाकी, दरवर्षी 60 लाख पगार आणि तेवढाच कॅप हिट असेल तर 1 कोटी 80 लाखांचे 1 कोटी 20 लाख होतात आणि सहा वर्षं 20-20 लाख कॅपवर राहतात. हे सरळ प्रकरण. वाकडं प्रकरण मिनेसोटाचं. झॅक परीझे आणि रायन सूटर यांच्याशी 4 जुलै 2012 ला प्रत्येकी 13 वर्षांचा 9 कोटी 80 लाखांचा करार झाला, कॅप हिट सुमारे 75 लाख 38 हजार. पण पगार पुढे भरलेला आणि शेवटची वर्षं नाममात्र: 20 लाख, 10 लाख, 10 लाख. जुलै 2021 मध्ये दोघांना बायआउट दिला. शेवटच्या वर्षी खरा पगार 10 लाख, बायआउटचा हप्ता साधारण 8 लाख 33 हजार, म्हणजे बचत फक्त 1 लाख 67 हजार. कॅप हिटमधून एवढंच वजा होतं. बाकीचे सुमारे 73 लाख 70 हजार, आणि तेही दोघांचे, कॅपवर तसेच. 2023-24 आणि 2024-25 असे दोन हंगाम मिनेसोटा 1 कोटी 47 लाखांहून जास्त रक्कम टीममध्ये नसलेल्या दोघांसाठी बाजूला ठेवून खेळली. म्हणून तक्त्यात खरा पगार वेगळ्या रकान्यात मागितला.

आयपीएलची सवय असलेल्यांनी इथे एक गोष्ट नव्याने शिकायची. तिथे लिलावात पर्स संपली की संपली. इथे कॅप रोज मोजली जाते. हंगाम साधारण 190 दिवसांचा. ऑक्टोबरपासून वर्षाच्या हिशेबाने 10 लाखांची जागा मोकळी ठेवली, तर मार्चच्या डेडलाइनला 40 दिवस उरले असताना वर्षाला 47 लाखांचा खेळाडू घेता येतो, कारण त्याचे 40 दिवसांचेच पैसे मोजले जातात. ही साठवण एलटीआयआरवर असलेल्या टीमला मिळत नाही, आणि नवशिके नेमके इथेच अडकतात. एलटीआयआर म्हणजे किमान 10 सामने आणि 24 दिवस बाहेर राहणाऱ्या जखमी खेळाडूपोटी मिळणारी सवलत. टॅम्पाने 2020-21 ला निकिता कुचेरोव्हला पूर्ण हंगाम त्यात ठेवलं, तो प्लेऑफच्या पहिल्या सामन्याला परतला आणि टीमने कप जिंकला. प्लेऑफमध्ये तेव्हा कॅपच नव्हती. 2025-26 पासून प्लेऑफमध्ये बर्फावर उतरणाऱ्या वीस जणांचा हिशेब कॅपमध्ये बसवावा लागतो. शिवाय खेळाडू हंगामात परतणार असेल तर सवलत लीगच्या सरासरी पगारापुरतीच. जुन्या युक्त्या सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

बाकीचं पटकन. एकूण करार 50 च्या वर जाऊ देऊ नका. जुलैत 47 वर असाल तर ट्रेडमध्ये दोनाच्या बदल्यात एक मागा. दुसऱ्या टीमला खेळाडू देताना त्याचा निम्म्यापर्यंत पगार आपल्याकडे ठेवता येतो, पण एका वेळी तीनच करारांवर. या तीन जागा मौल्यवान आहेत, डेडलाइनआधी भरू नका. मायनर लीगला पाठवून महाग खेळाडूचा पूर्ण आकडा पुसता येत नाही. 2025-26 ला जास्तीत जास्त 11 लाख 50 हजार सुटत होते.

शेवटचा कागद पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवसाचा. जास्तीत जास्त 23 जण, आणि सामन्याला 18 स्केटर आणि दोन गोलकीपर. न्यू जर्सीने इल्या कोवालचुकला 15 वर्षांचे 10 कोटी दिल्यावर ऑक्टोबर 2010 मध्ये जखमी खेळाडूंच्या जागी कोणाला वर आणायला जागा उरली नव्हती, आणि पिट्सबर्गविरुद्ध 15 स्केटर घेऊनच उतरावं लागलं. ज्यांना खाली पाठवायचं त्यांतले वेव्हर्समधून (म्हणजे आधी बाकीच्या टीमना उचलायची संधी देऊन) जावे लागणारे कोण आणि न जाता पाठवता येणारे कोण, याच्या दोन याद्या करा. वेव्हर्सला 24 तास लागतात, तेव्हा पहिल्या यादीतली नावं या कागदाच्याही आदल्या दिवशी दुपारी दोनच्या आधी, पूर्वेकडच्या घड्याळाने, लीगकडे गेलेली असावीत.