इस्तंबूलला पहिल्यांदाच जाताय? या चुका टाळा

इस्तंबूलमधला अख्खा दिवस फुकट जातो तो बहुतेकदा वार न बघितल्यामुळे. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो, दोल्माबाहचे नावाचा राजवाडा सोमवारी आणि ग्रँड बाजार रविवारी. बेत आखताना आधी हे वार कागदावर लिहा, मग ठिकाणं बसवा. निळ्या मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना सोडत नाहीत. शुक्रवारी दुपारची मोठी नमाज होईपर्यंत ताटकळावं लागतं. आया सोफिया 2020 पासून पुन्हा मशीद झाली आहे. 2024 पासून परदेशी पर्यटकांना तिकीट काढून वरच्या सज्जातूनच ती बघता येते, तेव्हा खालच्या दालनात जाण्याच्या आशेवर रांग लावू नका. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, पुरुषांनी अर्धी चड्डी टाळावी.

विमानतळ दोन आहेत. साबिहा गोकचेन आशियातल्या बाजूला आहे, त्यामुळे सुलतानअहमतमध्ये, म्हणजे युरोपातल्या बाजूच्या जुन्या शहरात, राहणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच येण्या-जाण्याचा वेळ आणि खर्च धरावा. शहरात फिरायला इस्तंबूलकार्त, म्हणजे पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, घ्या. ट्राम, मेट्रो, बोट, सगळीकडे चालतं. मार्मराय रेल्वेत मात्र आत शिरताना पूर्ण अंतराचं भाडं कापलं जातं. एकाच स्टेशनाचा प्रवास असला, तरी उतरल्यावर बाहेरच्या परताव्याच्या यंत्राला कार्ड लावलं नाही तर उरलेले पैसे गेलेच. दुकानात बँकेच्या कार्डाने पैसे देताना यंत्राने रुपये की लिरा असं विचारलं, तर लिराच निवडा. रुपये निवडले की दर यंत्रवाल्यांचा लागतो आणि तो महाग पडतो.

खाण्यात सर्वांत जास्त फसतात ते शाकाहारी. भाजी दिसली म्हणजे शाकाहारी, असं इथे धरून चालू नका. वांग्याचेच दोन पदार्थ घ्या: इमाम बायिल्दी म्हणजे कांदा-टोमॅटो भरून तेलात शिजवलेलं वांगं, तर दिसायला तसंच असणाऱ्या कार्नियारिकमध्ये खिमा असतो. मसुराचं सूप आणि पांढरा भात, दोन्ही मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असू शकतात. म्हणून नुसतं मांस आहे का असं न विचारता ‘एत सुयु वार मी?’ विचारा, म्हणजे मांसाचं पाणी आहे का. बोरेक, म्हणजे पातळ पोळीच्या थरांत सारण भरून भाजलेला पदार्थ, घेताना ‘पेयनिरली’ म्हणजे चीजचं, ‘कियमाली’ म्हणजे खिम्याचं. गाड्यावरचं सिमित, म्हणजे तीळ लावलेलं कडं, सकाळी घ्या. संध्याकाळपर्यंत ते चिवट होतं.

मासे-मटण खाणाऱ्यांसाठी मिद्ये दोल्मा, म्हणजे मसालेभात भरलेले शिंपले. विक्रेता शिंपला उघडतो, लिंबू पिळतो, हातात देतो. वरच्या रिकाम्या शिंपल्याचाच चमचा करून खायचं. तुम्ही ‘येतेर’, म्हणजे पुरे, म्हणेपर्यंत तो देत राहतो आणि शेवटी शिंपले मोजून पैसे घेतो. त्यामुळे एकाचा भाव आधीच विचारा. उन्हात तासन्‌तास उघडं पडलेलं ताट दिसलं, तर कितीही मोह झाला तरी पुढे चला. शिंपले फार लवकर खराब होतात. गर्दी असलेल्या, माल भराभर संपणाऱ्या गाड्यावरच खा.

तुर्की कॉफीची साखर मागवतानाच सांगावी लागते, कारण ती कॉफीबरोबरच उकळतात: ‘सादे’ बिनसाखरेची, ‘ओर्ता’ मध्यम, ‘शेकेरली’ गोड. कप आला की 2-3 मिनिटं थांबा, गाळ खाली बसू द्या. ढवळू नका आणि तळाचा घट्ट थर कपातच राहू द्या.