हस्तलिखित प्रकाशकाला पाठवायचंय? आधी पत्र नीट लिहा

मराठीत साहित्यिक एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारा मध्यस्थ, जवळजवळ नाहीच. तो शोधत बसू नका, थेट प्रकाशकाला लिहा.

प्रकाशक निवडायला नाशिककरांनी सार्वजनिक वाचनालय गाठावं. १८४० पासूनची ही संस्था काही शोभेला नाही. आपल्या धाटणीची, अलीकडची दहा पुस्तकं काढायची आणि शीर्षकपानाच्या मागे प्रकाशकाचं नाव पाहायचं. चार नावं पुरतात. स्पर्धा परीक्षांची गाइडं छापणाऱ्याला कादंबरी पाठवली, तर टपालखर्च वाया.

फाइल युनिकोडमध्येच हवी, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसेल अशा टंकात. जुन्या फॉन्टमधला मजकूर समोरच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडतो. सोबत पीडीएफ, पानांना क्रमांक.

खरी गाडी अडते ती पत्रापाशी. ‘लहानपणापासून लिखाणाची आवड, मित्रांच्या आग्रहाखातर हे धाडस’ अशी सुरुवात दिसली की संपादकाला पुढचं पाठ असतं. पहिल्याच वाक्यात पुस्तक सांगा: ‘दिंडोरीतल्या द्राक्षबागेच्या वाटणीवरून तीन भावांत पडलेल्या फुटीची ही ६२ हजार शब्दांची, पूर्ण झालेली कादंबरी.’ विषय, ठिकाण, प्रकार, लांबी, सगळं आलं. ‘पूर्ण झालेली’ हा शब्द गाळू नका. अर्धवट कादंबरीवर नवख्याला कुणी होकार देत नाही.

मग पाच-सहा ओळींत कथानक, शेवटासकट. शेवट झाकून ‘उत्कंठा वाढवायची’ ही मलपृष्ठाची युक्ती. संपादकाला गाडी मुक्कामी पोचते का, हे बघायचं असतं. त्यानंतर याच प्रकाशकाकडे का, ते एका वाक्यात, त्यांचं एखादं पुस्तक खरंच वाचून. दिवाळी अंकात कथा आली असेल तर अंक आणि वर्ष लिहा. शाळेतली बक्षिसं, पुतण्याचं कौतुक, स्वतःची कविता: काही नको. पत्र एका पानावर संपलंच पाहिजे. सोबत पहिली दोन प्रकरणं. ‘सर्वांत रंगलेलं’ सातवं नव्हे.

तीन महिने थांबा, मग एकदाच आठवण.

होकार आला तर करार लेखीच करा आणि प्रकाशकाला दिलेल्या हक्कांची मुदत त्यात घालून घ्या. ती लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे पाच वर्षं धरतात. प्रकाशक छपाईचे पैसे तुमच्याकडेच मागत असेल, तर ती निवड नव्हे, गिऱ्हाइकी. पहिलंच पुस्तक असेल तर त्यापेक्षा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाची चौकशी करा.